स्वच्छ मातीचा नमुना

३ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून ओढ्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. शिशाचा कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं त्याचा काळा ढीग ओढ्याच्या काठावर बसून आहे, आणि आमच्या खात्याला आज जाग आली. तीही का, तर खालच्या वस्तीतल्या बायकांनी गेल्या आठवड्यात ओढ्यातल्या गाळाच्या बादल्या आणून कार्यालयाच्या पायऱ्यांवर ओतल्या. साहेबांच्या बुटांना गाळ लागला तेव्हा कुठे फाइल हलली.

काम असं की ढिगापासून तलावापर्यंत ओढ्याचा गाळ आणि काठची माती तपासायची, शिसं कुठे किती आहे ते बघायचं, आणि कुठली माती उचलायला हवी त्याचा नकाशा करायचा. नकाशाप्रमाणे साफसफाई कंपनीने करायची. कारखाना मेला तरी कंपनी जिवंत आहे, चांगली गुटगुटीत आहे.

साहेब म्हणाले, "जरा सांभाळून हं. भावनेच्या भरात काही नको." वीस वर्षं मी प्रयोगशाळेत बाटल्या धुते आणि आकडे लिहिते. माझ्या कुठल्या आकड्यात यांना भावना दिसली ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. घरी येऊन बाबांवर चिडले, चहात साखर कमी पडली म्हणून.

७ फेब्रुवारी

पहिले नमुने घेतले. बरोबर जीपचे ड्रायव्हरकाका. पाण्याच्या बाटल्या आम्लाने तीनदा विसळायच्या, हातमोजे दर जागेला बदलायचे, माती प्लॅस्टिकच्याच चमच्याने काढायची. काका आधी हसायचे, आता स्वतःच ओरडतात, "मॅडम, मोजे बदलले का?"

ओढ्याचं पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. काका म्हणाले, "यात कसलं आलंय विष?" मी सांगितलं, शिसं जड असतं, पाण्यात फार राहत नाही, खाली गाळात बसतं. काका म्हणाले, "म्हणजे आपल्या साहेबांसारखं. एकदा बसलं की हलत नाही."

ढिगाच्या पायथ्याशी काळी, काचेसारखी खडी पसरली आहे. भट्टीतून शिसं काढून घेतल्यावर उरायची ती. हातात घेतली की दिसायला छान. एवढ्या छान दिसणाऱ्या गोष्टीचा मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

आज संदर्भ नमुना घेतला. नुसता आकडा काही सांगत नाही, कशाच्या तुलनेत ते सांगावं लागतं. म्हणून जिथे कारखान्याचा काही संबंध नाही अशा जागेची माती घ्यायची, तिला स्वच्छ धरायचं आणि बाकीच्या जागा तिच्याशी ताडून बघायच्या. नियम असा की काठची माती या स्वच्छ मातीच्या तिपटीहून जास्त निघाली तर कंपनीने ती उचलायची.

जागा शोधायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही. आमचंच अंगण. कारखान्यापासून तीन किलोमीटर वर, डोंगराच्या उतारावर, वारा तिकडून इकडे कधी येत नाही, ओढा तर खूप खाली. आणि या अंगणाचा सगळा इतिहास मला पाठ. पूर्वी ते खोलगट होतं, पावसात तळं व्हायचं. मी सात वर्षांची असताना बाबांनी मुरमाची भर घालून सपाट केलं. त्यानंतर तिथे फुलझाडांशिवाय काही नाही. बाबांनी कधी भाजी लावू दिली नाही, म्हणतात माती हलकी आहे.

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, धाकटी बहीण कामावर. तीन कोपऱ्यांतून तीन नमुने घेतले. धाकटीची मुलगी चिमणी माझ्या मागे मागे चमचा घेऊन फिरत होती. धाकटी नोव्हेंबरात तिला घेऊन इकडे राहायला आली तेव्हा ही पोर धड बोलत नव्हती. आता अडीच वर्षांची आहे आणि मातीतून उचलली की लाथा झाडते. तिलाही एक पिशवी दिली. तिने तोंडातला खडा काढून त्यात ठेवला.

१५ फेब्रुवारी

अंगणाचे आकडे आले. ३९१, ३९६, ४०२. दर किलो मातीत इतके मिलिग्रॅम शिसं. तीन कोपऱ्यांचे आकडे इतके जुळलेले मी क्वचित पाहिले आहेत. असा नमुना मिळाला की जीव सुखावतो.

अपेक्षेपेक्षा जास्त आहेत हे खरं. पण आमच्या डोंगरात पूर्वी खाण होती, खडकातच शिसं असणार. अहवालात तसं लिहिलं.

जेवताना बाबांना कौतुकाने सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "कुठून घेतलीस म्हणालीस माती?"

"आपल्या अंगणातून."

"दुसरीकडून घे."

"का?"

"घे म्हणतोय ना. अंगणातली माती कसली घेतेस. लोक काय म्हणतील, घरबसल्या काम करते."

सव्वीस वर्षं कारखान्याचा ट्रक चालवला आणि आता मला नमुना कसा घ्यावा ते शिकवतात. मी तसं बोललेसुद्धा. ते उठून हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. म्हातारपणी माणूस उगाच नाकावर राग ठेवतो.

१९ फेब्रुवारी

बाबांनी नवं खूळ काढलंय. दोन दिवस खपून दारापासून फाटकापर्यंत फरश्या टाकल्या. या वयात, एकट्याने. आणि चिमणीने बूट घातल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम. बाहेरून आली की स्वतः तिचे हात साबणाने धुतात, नखंसुद्धा. धाकटी म्हणाली, "आम्हाला वाढवताना कधी नाक पुसलं नाहीत, आता आजोबा झाल्यावर बघा." आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत.

मला हळूच विचारत होते, "तुझ्या त्या यंत्रात माणसाच्या अंगातलं कळतं का?" म्हटलं, माणसाला दवाखाना असतो, बाबा.

१२ मार्च

अंगाची लाही लाही होते आहे, तरी लिहिते.

कंपनीबरोबर बैठक होती. त्यांचा सल्लागार आला होता, मी त्याचं नाव इस्त्री ठेवलं आहे. सदऱ्यावर सुरकुती नाही, चेहऱ्यावरही नाही. मी काठाचे आकडे वाचले, ६१०, ७४०, ८८०, बंधाऱ्याजवळ १३००. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच अहवालाचं पान उघडलं. "मॅडम, तुमच्याच आकड्याप्रमाणे इथल्या स्वच्छ मातीत ३९६ शिसं आहे. तिप्पट म्हणजे ११८८. त्याच्या वर फक्त बंधारा जातो. तेवढा आम्ही आनंदाने साफ करून देऊ. बाकी निसर्गाने दिलेलं आहे, त्याला आम्ही काय करणार?"

निसर्गाने दिलेलं. अकरा हजार ट्रक खडी निसर्गाने पाठीवरून वाहून आणली असेल.

मी म्हटलं, खालच्या वस्तीतली मुलं त्या काठावर खेळतात. तो म्हणाला, "मॅडम, आपण दोघंही विज्ञानाचीच माणसं." मोठ्या साहेबांनी मान डोलावली. एक बंधारा साफ होणार, फोटो निघणार, फाइल बंद. आणि आकडा माझाच होता.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरकाका म्हणाले, "काय झालं?" सांगितलं. ते म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." 

२४ मार्च

मातीच्या आकड्यांनी यांचं काही हलत नाही, तर पोरांच्या रक्ताचे आकडे दाखवू. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या माझ्याहून जास्त चिडक्या, लगेच तयार झाल्या. आज वस्तीत शिबिर झालं, तीस मुलांचं रक्त घेतलं. तुलनेसाठी वरच्या, स्वच्छ बाजूचं एक तरी मूल हवं, म्हणून धाकटीकडून चिमणीला मागून नेलं. बिचारीने दंड पुढे केला आणि रडायच्या आधी नळीतलं लाल बघून "माझं?" विचारलं.

बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं केलंस." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं केलंस." 

२ एप्रिल

वस्तीतल्या मुलांचे आकडे पाच ते अकरा. साडेतीनच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात.

चिमणी चौदा.

दवाखान्याने नळ्यांची अदलाबदल केली आहे. मी डॉक्टरीणबाईंना फोनवर नको ते बोलले. तुमच्याकडे चिठ्ठ्या कोण लावतं, इथपर्यंत गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, चिमणीची नळी मी स्वतः भरली, स्वतः चिठ्ठी लावली. तरी उद्या पुन्हा घेऊ.

काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही माती घेतली ती तुमच्याच अंगणातली ना? आणि पोर कुठली घेतली?"



३ एप्रिल

आज सकाळी कुदळ घेतली आणि शेवंतीच्या वाफ्यात खणलं. चार बोटं माती, त्याखाली काळी खडी. काचेसारखी, चकचकीत, गुडघाभर. दुसऱ्या कोपऱ्यात खणलं, तेच. तिसऱ्या कोपऱ्यात खणायची गरज नव्हती. ३९१, ३९६, ४०२ का जुळले होते ते कळलं. वरच्या त्या चार बोटं मातीत खालचंच मिसळलं होतं, सगळीकडे सारखं.

आणि आठवलं. या खडीचे खडे गोळ्या-चॉकलेटं म्हणून मांडून मी आणि धाकटी दुकान-दुकान खेळायचो. माझ्या हातात होती ती, सातव्या वर्षी. ढिगाच्या पायथ्याशी उचलली तेव्हा छान का वाटली, त्याचं कारण हे.

बाबा पायरीवर बसले होते. मी विचारायच्या आधीच बोलले.

"फुकट देत होते गं. कामगाराने न्यायची, ज्याला हवी त्याने. भर घालायला छान, पाणी मुरतं, चिखल होत नाही. मीच पोचवायचो सगळ्यांकडे. लोक दुवा देत होते."

"मुरूम म्हणाला होतात."

"तेव्हा मुरूमच म्हणायचे सगळे. काळा मुरूम." त्यांनी उकरलेला एक खडा उचलला. "तू जेवताना अंगणातल्या मातीत शिसं निघाल्याचं सांगितलंस, तेव्हाच कळलं मला. फरश्या टाकल्या. बूट घातले तिला. मला वाटलं, तेवढ्याने होईल."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं. दुसरीकडून घे म्हणालो."

"का ते सांगायचं होतं, बाबा."

"का सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस. आणि धाकटी पोरीला घेऊन कुठं गेली असती? नवऱ्याचं दार बंद, आता बापाचं अंगण विषारी. तिला सांगायला तोंड कुठून आणू?"

मला भयंकर राग आला होता. आणि तो कोणाचा ते धड कळत नव्हतं. बाबांचा, की कंपनीचा, की बाटल्या तीन-तीनदा विसळणाऱ्या पण स्वतःच्या अंगणात चार बोटं न खणणाऱ्या बाईचा.

धाकटीला मी सांगितलं. ती ओरडली नाही. कपडे भरता भरता एवढंच म्हणाली, "ताई, वीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी तपासतेस." चिमणीला घेऊन मैत्रिणीच्या खोलीवर गेली. डॉक्टरीणबाईंनी आज तातडीने केलेल्या दुसऱ्या तपासणीतही चौदाच.

४ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. संदर्भ नमुना चुकीचा होता, अहवाल मागे घ्यायला हवा. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "अहवाल वर गेला आहे. आता तुमच्या घराचं निघालं म्हणजे लोक म्हणतील, बाई स्वतःचं अंगण साफ करून घेतेय. बंधारा होतोय ना? होऊ दे. पुढचं पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी चिमणी साडेतीन वर्षांची असेल. वस्तीतली मुलंही वर्षाने मोठी झालेली असतील, आणि शिशाने मेंदूतलं जे नेलं ते परत येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

मी टेबलावर बसून स्वतःच्या हाताने चुकीची कबुली लिहिली, सही केली, आवक-जावकला देऊन पोच घेतली. साहेब बघत राहिले. माझ्या हातून वीस वर्षांत एकही चुकीचा आकडा गेला नव्हता. गेला तो हा.

१० एप्रिल

दोन दिवस बाबा जीपमध्ये पुढच्या सीटवर. वही माझ्या हातात. त्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं, पण एकेक फेरी आठवते. "हे घर, दोन गाड्या. ते निळं दार, एक. मास्तरांकडे अर्धी, त्यांची बायको नको म्हणाली होती." शाळेचं मैदान. दवाखान्याची वाट. उताराचं सगळं पाणी याच अंगणांवरून ओढ्यात उतरतं आणि आम्ही नुसते ओढ्याचे काठ खरवडत होतो.

एकतीस ठिकाणं झाली, प्रत्येक ठिकाणची माती मी तपासायला घेतली. प्रत्येक घरी बाबा फाटकात उभे राहून स्वतः सांगत होते, मी आणली होती. एका म्हातारीने त्यांना चहा दिला. एका माणसाने फाटक लावून घेतलं. 

वहीचं पहिलं पान मी कोरं सोडलं होतं. बाबा म्हणाले, "पहिलं आपलं लिही."

२२ एप्रिल

माझ्या कबुलीवर शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. मी उभी राहून सांगितलं की माझी चूक झाली, कुठे झाली, कशी झाली. मग एकतीस ठिकाणांचे नवे आकडे वाचले. खालच्या वस्तीतल्या बायका समोर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलणं मला जमलं नाही.

इस्त्री तयारीने आला होता. मॅडमचा आधीचा आकडा चूक, मग नवे बरोबर कशावरून? आणि अंगणांचं म्हणाल तर खडी कामगारांनी स्वखुशीने नेली. त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढला. प्रत्येकीवर छापलेलं, "स्वतःच्या मागणीवरून व स्वतःच्या जबाबदारीवर". सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर बाबांची सही. त्याने ती मुद्दाम वर ठेवली असणार. कंपनीला त्यात काय आहे याची त्या काळी कल्पनाच नव्हती, असंही म्हणाला.

मागच्या बाकावरून बाबा उठले. सभेत बोलणारा माणूस नव्हे हा. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"सही माझीच आहे. स्वखुशीने नेली, खोटं कशाला बोलू. पण कल्पना नव्हती म्हणता, ते नाही पटत. सव्वीस वर्षांत मी सगळीकडे ही खडी ओतली. शाळेत ओतली. फक्त वरच्या बंगल्यावर एक पाटीसुद्धा कधी नेली नाही. मॅनेजरसाहेबांचा हुकूमच होता, बंगल्याच्या आवारात काळी भर घालायची नाही. बाईसाहेबांनी एकदा वाटेसाठी मागितली तर साहेब माझ्यासमोर ओरडले, आपली मुलं खेळतात इथे." मग ते वस्तीतल्या बायकांकडे वळले. "मला वाटलं, साहेबांना काळा रंग आवडत नसेल. मी विचारलं नाही. माझी चूक ती."

 इस्त्री कागद चाळत राहिला. मग वस्तीतली एक बाई, बादल्या ओतणाऱ्यांतली, म्हणाली, "मग तिथली माती घ्या की मोजायला. आमचीही मुलंच आहेत."

सुनावणीच्या अध्यक्षांनी लिहून घेतलं. बंगल्याच्या बागेतून दोन्ही बाजूंसमोर नमुना घ्यावा.

२९ एप्रिल

मॅनेजरचा बंगला आता आमच्याच खात्याचं विश्रामगृह आहे. मोठे साहेब दर उन्हाळ्यात कुटुंबासह तिथे राहतात. आमच्या घरापासून दोनशे पावलं वर, तोच डोंगर, तोच खडक.

ठरल्याप्रमाणे सगळे जमले. अध्यक्षांचा माणूस, इस्त्री, साहेब, वस्तीतल्या दोन बायका, आणि जागा दाखवायला बाबा. पाळणाघराला सुट्टी म्हणून धाकटी चिमणीला माझ्याकडे सोडून गेली. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा ती बाबांशी बोलली, "तिचे बूट पिशवीत आहेत," एवढंच. बाबांनी ते लगेच तिच्या पायात चढवले.

या वेळी मी आधी कमरेइतकं खणलं. लाल माती, मुळं, गांडुळं, मग खडक. काळा एक खडा नाही. सगळ्यांना वाकून बघायला लावलं. मग पाच ठिकाणचे नमुने घेतले, अर्धे माझ्याकडे, अर्धे इस्त्रीच्या पेटीत. चिठ्ठ्यांवर दोघांच्या सह्या.

मातीतलं शिसं मोजणारं, बंदूक रोखल्यासारखं धरायचं एक यंत्र या वेळी मुख्य कार्यालयातून मागवून घेतलं होतं. पक्के आकडे प्रयोगशाळेतून येतील, पण अंदाज जागेवर कळतो. खड्ड्यातल्या मातीवर टेकवलं. पडद्यावर २४ आले. पुन्हा टेकवलं, २२. इस्त्रीला म्हटलं, तुम्ही करून बघा. त्याने स्वतः केलं. २५.

चोवीसच्या तिप्पट बहात्तर. ओढ्याचा एकही काठ, आमच्या एकतीसांतलं एकही अंगण बहात्तरच्या खाली नाही. त्याने हिशेब तोंडातल्या तोंडात केला असावा, कारण पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती दिसली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. सगळ्या खोऱ्यात स्वच्छ माती एवढी एकच, आणि ती कोणी, कोणासाठी राखली ते समोर दिसत होतं. साहेब छत्री उघडून सावलीत उभे होते.

मी अर्जावर संदर्भ नमुन्याचं ठिकाण लिहिलं. "जागा दाखवणाऱ्याचे नाव" या रकान्यासाठी बाबांना हाक मारली.

ते आले नाहीत. बागेच्या त्या टोकाला गवतावर बसले होते, चिमणी समोर उभी. ती नेहमीसारखी मातीत हात घालायला वाकली आणि सवयीने थांबून त्यांच्याकडे बघू लागली. बाबांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चोवीस म्हणालीस ना?"

"चोवीस."

त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिच्या बुटांचे बंद सोडायला घेतले. गाठी त्यांनीच पक्क्या मारल्या होत्या, त्यामुळे बराच वेळ लागला.